पोटाच्या डायलिसिसवर असणाऱ्याची डाळ बंद करू नका

नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘डायलिसिस चालू असेल तर डाळ, अंडी, पनीर बंद. फळं बंद. मिठाऐवजी सैंधव. तरी एल्ब्युमिन कमी आलं तर सलाईनमधून चढवून घ्या.’ (एल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं मुख्य प्रथिन.) पाठवणाऱ्यांना काळजी आहे हे कळतं. पण पोटाच्या डायलिसिसवर, म्हणजे सीएपीडीवर, असलेल्या माणसाने हे पाळलं तर तो खंगत जाईल.

डाळ-अंडी कमी करा हा सल्ला डायलिसिस लागण्याआधीचा. तेव्हा किडनीवरचा भार हलका करायला वजनाच्या किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम प्रथिनं सांगतात. सीएपीडी सुरू झालं की हिशोब उलटा होतो. बॅगेतून पोटात सोडलेलं दोन लिटर पाणी काही तासांनी काढलं की युरिया-क्रिएटिनिनसारख्या कचऱ्याबरोबर रक्तातली प्रथिनंही बाहेर पडतात. भरलेली बॅग उजेडात धरली तर पाणी पिवळसर आणि नितळ दिसतं, गेलेलं काही नजरेला पडत नाही. पण दिवसाला साधारण ५ ते १० ग्रॅम प्रथिनं त्यातून जातात, आणि त्यात मोठा वाटा एल्ब्युमिनचाच. एका अंड्यात सहाएक ग्रॅम असतात, म्हणजे रोज अंडं-दीड अंडं नुसतं वाहून जातं. पोटात जंतुसंसर्ग होऊन पाणी गढूळ आलं तर त्याहून जास्त. म्हणून सीएपीडीवर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२. साध्या वरण-भातावर एवढं भरत नाही. त्यात बॅगेतली साखर अंगात मुरते, पोटात पाणी असतं, भूक मरते. अशा माणसाच्या ताटातून उसळ आणि अंडं उचलायचं? अशा खाण्यातून फॉस्फरस वाढण्याची भीती खरी आहे, पण त्यासाठी अंड्याचा पांढरा भाग आहे, आणि फॉस्फरस बांधून ठेवणाऱ्या गोळ्या जेवताना घ्यायच्या आहेत. दूध-पनीर किती, ते आहारतज्ज्ञाला विचारा.

फळांचं भय पोटॅशियममुळे. मशीनवरच्या डायलिसिसमध्ये दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत ते साठतं, तिथे पथ्य कडकच हवं. सीएपीडीच्या नेहमीच्या बॅगेत मात्र पोटॅशियम नसतंच, त्यामुळे ते रक्तातून रोज बाहेर जात राहतं. नाशिकच्या सुरगाणा-पेठकडे घरीच बॅगा बदलणाऱ्याने मशीनवरच्या शेजाऱ्याचं पथ्य उचललं, तर त्याचं पोटॅशियम ३.५ च्या खाली जाऊ शकतं: पायांत त्राण नाही, पोट साफ नाही, हृदयाचे ठोके बिघडतात. काहींचं वाढलेलंही असतं, म्हणून ताजा रिपोर्ट बघून डॉक्टरांशी ठरवा. आपल्याकडच्या द्राक्षांत केळ्याच्या जवळपास निम्मंच पोटॅशियम असतं. बेदाण्यांत मात्र खूप, ते मूठभर खाऊ नयेत.

सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. खारट खाल्लं की तहान, मग सूज, मग ते पाणी ओढून काढायला जास्त साखरेची बॅग. ‘लो सोडियम’ मिठात पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, ते मनाने सुरू करू नका.

राहिलं एल्ब्युमिन चढवणं. त्याने आकडा थोडे दिवस वर दिसतो, मूळ कारण तसंच राहतं. ते कारण दरवेळी आहारही नसतं: अंगात पाणी साठलं तरी एल्ब्युमिन पातळ होऊन कमी दिसतं, आणि कुठे संसर्ग असला तर यकृत ते कमी बनवतं. त्यामुळे एल्ब्युमिनचा रिपोर्ट ३.५ च्या खाली आला तर डॉक्टरांकडे जाताना रोजच्या वजनाची आणि काढलेल्या पाण्याची वही बरोबर न्या, आणि पेशंट दिवसभरात खरोखर काय-काय खातो ते सांगा.