क्वार्कचा 'रंग' आणि आत्तीची निळी बाटली

आमच्या आत्तीने गेले तेवीस दिवस मधुमेहाच्या गोळ्या घेतलेल्या नाहीत. परवा वडगावात तिच्याकडे गेलो, तर गच्चीच्या कठड्यावर निळ्या काचेची बाटली उन्हात ठेवलेली, आणि गोळ्यांचं पाकीट देवघराच्या फळीवर तसंच पडलेलं. उपाशीपोटी साखर २६४. "सायंटिस्टांनीच सिद्ध करून सांगिटलेत की रे," म्हणत तिने मोबाईल पुढे केला. तोच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. त्यातला एक ग्रुप शिक्षकांचा आहे, म्हणून जास्त संताप आला.

मेसेज थोडक्यात असा: जिनिव्हाच्या बोगद्यात नुकतेच इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (इलेक्ट्रॉनचाच उलट भाराचा जोडीदार) आदळवले, तुटलेले कण 'रंगा'ने पुन्हा जुळतात हे सिद्ध झालं, शून्यातून पदार्थ निघाला, तेव्हा शरीरातले तुटलेले कणही रंगीत बाटलीतल्या पाण्याने जुळतील, गोळ्या बंद करा.

आधी गोळ्यांचंच बोलतो. मेसेजातला 'रंग' क्वार्कचा, म्हणजे प्रोटॉनसारखे कण ज्यांचे बनतात त्या बारीक कणांचा. तो विद्युतभारासारखा एक भार आहे. तो तीन तऱ्हेचा असतो आणि तिन्ही मिळून बेरीज शून्य होते, एवढ्यावरून तांबडा, हिरवा, निळा ही नावं पडली. डोळ्यांना दिसणाऱ्या रंगाशी त्याचं काही नातं नाही. हा भार साधारण एका फेम्टोमीटरच्या, म्हणजे प्रोटॉनएवढ्या जागेच्या बाहेर कधी उघडा पडत नाही. निळ्या प्रकाशाची तरंगलांबी त्याच्या ४५ कोटी पट. शिवाय प्रकाशाच्या कणाला रंगभार नसतोच. मग बाटली निळी असली काय आणि पांढरी असली काय, पाण्यातल्या क्वार्कना त्याचा पत्ताही लागत नाही. आणि मधुमेह कण तुटून होत नाही. इन्सुलिन कमी पडतं किंवा शरीर त्याला दाद देत नाही, म्हणून होतो. गोळी त्याच्यावर असते.

आता ते 'जुळणं'. आत्तीच्या घरात वर्षानुवर्षं माग चालले, म्हणून तिला धाग्यावरूनच सांगितलं. क्वार्क आणि प्रतिक्वार्क (त्याचाच उलट भाराचा जोडीदार) एकमेकांपासून लांब पळाले की मध्ये रंगबलाचा, म्हणजे या रंगभारामुळे लागणाऱ्या ओढीचा, धागा ताणला जातो. ताणता ताणता तो तुटतो, पण मोकळं टोक राहत नाही. तुटल्या जागी नवा क्वार्क आणि नवा प्रतिक्वार्क उभा राहतो. असे तुकडे पडत जाऊन जे कण बनतात ते हॅड्रॉन. कधी डब्ल्यू बोसॉन नावाचे दोन जड, क्षणभंगुर कण एकाच टकरीत जन्मतात, एकमेकांपासून फेम्टोमीटरच्या दहाव्या हिश्शावरच फुटतात आणि प्रत्येकातून क्वार्क-प्रतिक्वार्कची एक जोडी निघते. तेव्हा दोन धागे इतके जवळ असतात की पहिल्याचं टोक दुसऱ्याच्या टोकाला लागू शकतं. याला रंग-पुनर्जोडणी म्हणतात. यात तुटलेलं काही बरं होत नाही, कुणाचा धागा कुणाला लागला एवढंच बदलतं.

'नुकतेच' म्हणे! इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन आदळवणारी ही टक्करयंत्रणा, तिचं नाव लेप (LEP), १९८९ साली सुरू झाली आणि २००० साली बंद झाली. त्याच २७ किलोमीटरच्या बोगद्यात आता प्रोटॉन आदळवतात.

'सिद्ध झालं' हेही खोटं. लेपवरच्या अ‍ॅलेफ, डेल्फी, एल-३ आणि ओपल या चारही प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून २०१३ साली 'फिजिक्स रिपोर्ट्स' या शोधपत्रिकेत छापले आहेत. पुनर्जोडणी अजिबात होत नाही, हे गृहीतक त्यांच्या आकड्यांना २.८ सिग्माने पटत नाही. (सिग्मा म्हणजे निकाल निव्वळ योगायोगापासून किती लांब आहे त्याचं माप.) या शास्त्रात शोध लागला म्हणायला ५ सिग्मा लागतात. ज्यांनी अकरा वर्षं टकरी मोजल्या ते 'सिद्ध' म्हणत नाहीत, आणि आमचे मास्तर फॉरवर्ड करून मोकळे.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन नाहीसे होतात आणि त्यांच्याहून कितीतरी जड कण बाहेर पडतात, हे खरं आहे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड. पण ते शून्यातून येत नाही. अशा टकरीत बनणारा झेड बोसॉन हा जड कण घडवायला ९१ गिगा-इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जा आधी यंत्राने घातलेली असते, आणि सरासरी एकवीस विद्युतभारित कण आणि शिवाय भार नसलेले कण निघाले तरी त्या सगळ्यांच्या ऊर्जेची बेरीज तेवढीच भरते.

आत्तीने काल सकाळी माझ्यासमोर गोळी घेतली. सोमवारी तिला डॉक्टरांकडे नेतोय, तेवीस दिवस गोळी चुकल्याचं त्यांना स्पष्ट सांगणार आहे. ज्यांनी हा मेसेज पुढे ढकलला, त्यांनी तो ज्या ज्या ग्रुपवर टाकला तिथे 'हे खोटं आहे, गोळ्या बंद करू नका' असं आजच्या आज लिहावं.