वीस अंशांचं भांडण आणि तीस अँपिअरचं घर

जून २०२५ मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी जाहीर केलं की नव्या एसींना २० अंशांच्या खाली आणि २८ अंशांच्या वर जाता येणार नाही, असा नियम आणायचा आहे. तेव्हापासून आमच्या नागपूरच्या घरात हा विषय निघाला की आवाज चढतात. दादाचं म्हणणं एकच: बिल मी भरतो, मग माझ्या खोलीत किती गार करायचं हे सांगणारं सरकार कोण? काका, आतेभाऊ सगळे त्याच्याच बाजूने. मी काही बोलले की उत्तर ठरलेलं असतं. "तू अमेरिकेत राहते, तुला काऊन त्रास होते?"

होतो मला त्रास. दादाच्या डोक्यातली अमेरिका म्हणजे जूनमध्ये स्वेटर घालून बसायची ऑफिसं आणि रात्रभर जळणारे दिवे. ती आहेच, मी नाकारत नाही. पण मी त्या अमेरिकेत राहत नाही. मी आणि माझा नवरा बारा महिने ट्रेलरमध्ये राहतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, तेरा-तेरा आठवड्यांच्या कंत्राटांवर हॉस्पिटलं बदलते. त्याचं काम लॅपटॉपवर चालतं. ट्रकमागे घर जोडलं की निघालो. हे घर तीस अँपिअरचं आहे. १२० व्होल्टला तीस अँपिअर म्हणजे ३,६०० वॉट, त्यापुढे काही नाही. एक हीटर साडेबारा अँपिअर घेतो, मायक्रोवेव्ह तेरा, गिझर बारा. यातली दोन उपकरणं एका वेळी चालतात. तिसरं लावलं की पेडेस्टलचा, म्हणजे ट्रेलरला वीज देणाऱ्या बाहेरच्या खांबाचा, ब्रेकर पडतो आणि उणे वीसमध्ये बाहेर जाऊन तो उचलावा लागतो. इथे कुठलाही मंत्री मला काही सांगत नाही. तरी मर्यादा आहे, आणि तिच्यामुळे माझा अपमान झाला असं मला एकदाही वाटलेलं नाही.

खांबाची वीज नसते तेव्हा हिशेब आणखी घट्ट होतो. आमच्याकडे शंभर अँपिअर-तासांच्या दोन लिथियम बॅटऱ्या आहेत. दोन्ही मिळून अडीच युनिट. दादाच्या बेडरूममधला दीड टनाचा एसी मे महिन्याच्या दुपारी ही वीज दोन तासांत संपवेल. आम्ही त्यावर फ्रिजचं नियंत्रण, पाण्याचा पंप, दिवे, दोन लॅपटॉप आणि फर्नेसचा, म्हणजे घर गरम करणाऱ्या भट्टीचा, पंखा चालवतो. वर चारशे वॉटची पॅनेलं आहेत. वाळवंटातल्या चांगल्या उन्हात ती दिवसाला दोन युनिट देतात, आणि डिसेंबरात त्याहून बरीच कमी. म्हणून एक अंश म्हणजे काय ते मला माहीत आहे. भारताच्याच ऊर्जा दक्षता ब्युरोचं सांगणं आहे की एसी एक अंशाने वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते. २०२० पासून स्टार असलेले एसी सुरू होतानाच २४ वर सुरू व्हावेत, असा नियमही आहे. किती जण तो आकडा २४ वर राहू देतात?

मागचा हिवाळा आम्ही वायोमिंगमधल्या लॅरमीला काढला. उंची जवळपास २,२०० मीटर, आणि वारा असा की आय-८० महामार्ग पुन्हापुन्हा बंद. ट्रेलरच्या भिंती जेमतेम दोन इंचांच्या. खालून वारा शिरू नये म्हणून चारही बाजूंनी फोमचे बोर्ड लावले, पाण्याच्या पाइपाला गरम राहणारी तार गुंडाळली, खिडक्यांना चंदेरी बबलशीट लावलं. फर्नेस प्रोपेन गॅसवर. आमचा सिलिंडर तीस पौंडांचा, म्हणजे १३.६ किलोचा, घरच्या लाल सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. आईकडे तो महिना-दीड महिना पुरतो. आमची फर्नेस सलग पेटली तर साडेएकवीस तासांत संपवते. कडाक्याच्या थंडीत ती निम्मा वेळ पेटलेली असते, म्हणजे दोन दिवसही धड नाहीत. (आणि आईकडचा सिलिंडर इथे आणूनही उपयोग नसता. त्यात ब्युटेनचा वाटा मोठा असतो, आणि शून्याच्या आसपास ब्युटेनची वाफच होत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत साथ देतो.)

लोकांना वाटतं थंडी म्हणजे फक्त उष्णतेचा प्रश्न. ट्रेलरमध्ये तो पाण्याचाही असतो. एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. फर्नेसचा धूर बाहेर जातो, पण शेगडीचा आतच राहतो. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की खिडकीच्या आतल्या बाजूला बर्फ धरतो. तो वितळला की भिंतीत ओल, ओल आली की बुरशी. म्हणून बाहेर उणे वीस असताना आम्ही छताची खिडकी बोटभर उघडी ठेवतो आणि महागामोलाची ऊब मुद्दाम बाहेर सोडतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मी दर महिन्याला स्वतः तपासते. लिथियम बॅटऱ्या शून्याखाली चार्ज करायच्या नसतात, म्हणून त्या पलंगाखाली, आमच्यापेक्षा उबदार जागी.

"मग तुम्ही डब्यात राहता तरी कशाला?" असं आतेभावाने विचारलं होतं. आमची ही निवड आहे. घराचा हप्ता नाही, आणि आजवर जे पाहिलं ते हप्ता भरत बसले असते तर दिसलं नसतं.

सरकारने वीज मोजून दिली की ती गरीब देशाची खूण, असंही दादाचं म्हणणं. त्याने फेब्रुवारी २०२१ मधलं टेक्सस आठवावं. थंडीने वीजकेंद्रं आणि गॅसपुरवठा कोलमडला, ग्रिड पूर्ण बसायला काही मिनिटंच उरली होती, आणि लाखो घरांचं भारनियमन करावं लागलं. दोनशे सेहेचाळीस माणसं गेली, हा त्या राज्याचा अधिकृत आकडा आहे. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशातलं, तेलाच्या विहिरींवर बसलेलं राज्य ते. भारताने ३० मे २०२४ ला २५० गिगावॉटची विक्रमी मागणी पेलली. ती मागणी एसींनी किती वाढवली हे नागपुरात बसून कळायला अवघड नाही. घराघरातला १८ चा आकडा कोणाच्या तरी गावाला वीज पोचवणाऱ्या फीडरवर जाऊन पडतो.

तो फीडर मी पाहिला आहे. आमचं मूळ गाव हिंगणघाटच्या पुढे. शाळेच्या सुट्टीत आम्ही तिथे असायचो तेव्हा वीज दिवसातून बारा-बारा तास नसायची. शेतातला पंप रात्री दोनला चालू करायला बाबा उठायचे, कारण तेव्हाच लाइट यायची. कंदिलाची काच पुसायचं काम माझं. घागरी दुपारीच भरून ठेवायच्या, इस्त्री लाइट आल्या आल्या करून घ्यायची, हे कोणी शिकवलं नाही, अंगात उतरलं. इथल्या कॅम्पग्राउंडवर नवखी मंडळी येतात आणि पहिल्याच आठवड्यात बॅटरी संपवून हताश बसतात. आमच्यावर ती वेळ कधी आली नाही. मला हे सांगताना अभिमान वाटतो, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही: मला ट्रेलरमध्ये राहायला विदर्भाने शिकवलं.

उन्हाळ्यात तर जास्तच. न्यू मेक्सिकोत, लास क्रुसेसला, आम्ही जूनमध्ये छोटा कूलर लावला. तोच आपला, गवताच्या जाळीवर पाणी सोडणारा. कोरड्या हवेत दीडशे वॉटमध्ये खोली गार झाली. छतावरच्या एसीला त्याच्या नऊपट वीज लागली असती. पावसाळी ढग आले की तो कूलर निकामी, हे नागपूरकराला वेगळं सांगायला नको. आणि नागपुरात काय चाललंय? वाळ्याचे पडदे गेले, कूलर गच्चीवर गंजतोय, तापलेल्या स्लॅबखाली सगळ्या खिडक्या बंद करून १८ वर एसी. एसी हवाच, मे महिन्यात म्हाताऱ्या माणसांना तर हवाच हवा. पण गच्चीला चुना मारायला एक दिवस लागतो, आणि पांढरी गच्ची ऊन परत फेकते. आधी घरात येणारं ऊन थांबवा, मग एसीचं भांडण करा, एवढंच मी म्हणते आहे. त्यावर दादा म्हणाला, "तू इथे राहत नाही."

हे वाक्य मला लागलं, आणि ते का लागलं ते लिहायला हवं. माझ्या लायसन्सवर साउथ डकोटाचा पत्ता आहे. तिथे एक रात्र राहून त्याची पावती दाखवली की त्या पत्त्यावर लायसन्स मिळतं. पत्रं गोळा करून पुढे पाठवणारी एक खोली, एवढंच माझं तिथे आहे. ट्रेलर पार्कवाले महिन्याअखेरीस मीटर वाचतात आणि आकडा लिहिलेली चिठ्ठी दाराला लावतात. माझ्या नावाचं लाइट बिल या जगात कुठेच येत नाही. ज्या देशात मी वाढले तिथे माणूस कुठला हे विचारलं की लाइट बिल दाखवतात. अमेरिकेचा निळा पासपोर्ट आहे, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड आहे, पण ते दाखवून मी नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरची ठरत नाही. आई शेजाऱ्यांना सांगते की मुलीची सारखी बदली होते. ट्रेलर हा शब्द ती उच्चारत नाही. मी तिला कधी टोकलं नाही.

त्या घरचं बिल अजून बाबांच्या नावाने येतं. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. दादाला आता मीटर स्वतःच्या नावावर करून घ्यायचंय, ते रास्त आहे, मी सही करून पाठवली आहे. पण ते वीजजोड घ्यायला बाबा किती दिवस रांगेत उभे राहिले हे मलाही माहीत आहे, आणि त्या घरातला एक-एक युनिट मला परक्याचा वाटत नाही. म्हणून मी बोलणार. पुढच्या मे महिन्यात मी येते आहे. गच्चीला चुना मीच मारीन, जुन्या कूलरला नवं गवत घालीन, आणि वरच्या खोलीत दुसरा एसी बसवायचाच असेल तर दादाने तो त्यानंतर बसवावा.