सातवी सही

गेले पंधरा दिवस आमच्या सांगलीच्या ग्रुपवर एकच वाद पेटलाय, रजिस्ट्रेशन करायचं का नाही आणि केलं तर कशाचं. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा बोटी, दोर, जेवणाची पाकिटं असं करता करता जमलेली ही पोरं (पोरं कसली, चाळिशी उलटली सगळ्यांची). २०२१ ला परत पूर आला आणि मग डोक्यात शिरलं की पाकिटं वाटून भागत नाही, निळ्या पूररेषेच्या आत बांधायला परवानगी कोण देतं ते विचारायला पाहिजे. ते विचारायला लागलं की राजकारण आलंच. आता त्यांना महापालिकेत आपली माणसं बसवायचीत.

तर एक म्हणतो ट्रस्ट करू, कारण त्याच्या सासऱ्यांच्या ओळखीचा वकील आहे. दुसरा म्हणतो सेक्शन आठची, म्हणजे ना-नफा, कंपनी काढ, प्रोफेशनल दिसतं, कंपन्यांचा सीएसआरचा पैसा पण येतो. अरे बाबा, उमेदवार उभे करणाऱ्यांना सीएसआर कोण देणार, राजकीय पक्षाला दिलेला पैसा सीएसआरमध्ये धरतच नाहीत, आणि दरवर्षीचं ऑडिट, कंपनी निबंधकाकडचं आरओसी फाइलिंग, सीएची फी हे कोण भरणार? तिसरा, जो माझा शाळेतला बेंचवरचा मित्र, त्याचं म्हणणं काहीच करू नका, नोंदणी केली की मान सरकारच्या हातात. आणि पैसे मग कुठं, तर एकाच्या जीपेवर. सहा वर्षं एकाच्या जीपेवर! त्याच्या बायकोनं एकदा त्यातनं गॅस बुक केला चुकून, ते प्रकरण अजून निघतं.

माझं डोकं फिरलं ते इथं. आमचं इथलं, जर्मनीतल्या कासेलचं, छोटंसं मराठी मंडळ, ख्रिसमस मार्केटात वडापाव विकणारं, ते पण रजिस्टर्ड फेराइन, म्हणजे संस्था, आहे. सात जण जमलो, झात्सुंग म्हणजे घटना लिहिली, नोटारकडे सह्या केल्या, आम्ट्सगेरिष्टला, म्हणजे इथल्या कोर्टाला, पाठवलं, झालं. मी कासेनवार्ट, म्हणजे खजिनदार. दरवर्षी दोन जण माझ्या पावत्या तपासतात, एकदा चार युरोच्या फांडचा, म्हणजे बाटल्यांच्या डिपॉझिटचा, हिशेब लागेना म्हणून पाऊण तास मीटिंग थांबली होती. मी हे सगळं ग्रुपवर लिहिलं, जरा ऐटीतच लिहिलं, सोबत पीडीएफ पण टाकली.

त्यावर मित्राचा मेसेज: "शरद जोशी बर्नची नोकरी सोडून आंबेठाणला आले. तू कासेलवरनं पीडीएफ पाठवतोस."

लागलं. लागणारच. पण मी पण सोडलं नाही, म्हटलं त्याच शरद जोशींना पुढं १९९४ ला स्वतंत्र भारत पक्ष काढावा लागलाच की नाही, शेतकरी संघटनेच्या नुसत्या बिल्ल्यावर निवडणूक होत नाही.

मुद्दा माझा साधा होता आणि अजूनही आहे. पुराची मदत आणि निवडणूक एका खोक्यात घालू नका. मदतीसाठी १८६० च्या कायद्याखाली सोसायटी करा, सातच माणसं लागतात, महाराष्ट्रात तिची ट्रस्ट म्हणूनही धर्मादायला नोंद होते. विश्वस्त बदलला की चेंज रिपोर्ट वेळेत टाका, नाहीतर भांडणाच्या वेळी कोण विश्वस्त हेच ठरत नाही, आमच्या गल्लीतल्या देवळाचं तेच झालंय, पुजारी म्हातारा झाला तरी निकाल नाही. आणि राजकारण वेगळं. जर्मनीत बघा, म्हटलं, कसं स्वच्छ आहे, गावातल्या निवडणुकीला पक्ष नसलेले लोक व्हेलरगेमाइनशाफ्ट, म्हणजे मतदारांचा गट, करून उभे राहतात.

ह्यावर मित्रानं काय पाठवलं असेल? महाराष्ट्राचाच १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता कायदा, त्यातली "आघाडी"ची व्याख्या. स्थानिक निवडणुकीला उमेदवार उभे करायला एकत्र आलेल्या लोकांचा गट. शहर विकास आघाडी, अमुक आघाडी, आपण लहानपणापासून भिंतींवर वाचतोय ते. मी जर्मन शब्द शिकवत बसलो आणि तो घरातलाच कायदा काढून मोकळा. म्हणजे ज्याला नोंदणीच नको होती त्यानंच वाट काढली. वर लिहिलं, "तुझा तो स्वच्छ देश, अटॅकचं काय झालं?"

आता हे ह्याला कुठनं कळलं देव जाणे. अटॅक म्हणजे जागतिकीकरणाविरुद्ध मोहिमा चालवणारी इथली संघटना; तिचं प्रकरण मला बरोब्बर माहीत होतं, मी सोयीनं गाळलं होतं. फिनान्झआम्टनं, म्हणजे कर कार्यालयानं, २०१४ ला त्यांची करसवलत काढली, इथंच आमच्या कासेलच्या कोर्टात ते जिंकले, मी रोज ट्रामनं जातो त्या गावात, आणि २०१९ च्या जानेवारीत म्युनिकच्या वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला, की राजकीय मोहिमा चालवणं म्हणजे लोकहिताचं काम नाही. म्हणजे इथंही खोकी दोनच, तुम्ही त्यात मावायचं.

पण खरं सांगायचं तर मला राग त्याचा नव्हता. २०१९ ला मी पैसे पाठवले तेव्हा माझ्याकडे भारताचा पासपोर्ट होता. २०२२ ला मी इथला घेतला, आईच्या दुखण्यात दोनदा व्हिसाच्या भानगडीनं अडकलो त्यानंतर. २०२४ पासून जर्मनी म्हणतं जुना पण ठेवा, पण भारत ठेवू देत नाही, तो गेला. आणि एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याप्रमाणे, एनआरआयनं आपल्या बचतीतनं बँकेतनं पाठवलेला पैसा विदेशी देणगी नाही, माझा मात्र आता विदेशी आहे, परदेशी झालेल्या भारतीयांचं ओसीआय कार्ड असलं तरी. म्हणजे त्याच मदतीसाठी त्याच माणसानं पाठवलेले पाच हजार आता विदेशी, ते घ्यायला त्यांना दिल्लीची नोंदणी पाहिजे, आणि त्यासाठी तीन वर्षांत पंधरा लाख खर्च केल्याचा हिशेब. आघाडीला तर मी एक रुपया देऊ शकत नाही. हे ग्रुपवर मीच समजावून सांगितलं, कलमांसकट. कुणीच काही बोललं नाही, एकानं नुसता अंगठा टाकला.

सोसायटीला सहा नावं झाली होती. सुरुवातीला ठरलेलं की सातवा मी, तसं कुणी लिहिलं पण होतं महिन्यापूर्वी. विदेशी माणूस सोसायटीत सभासद असू शकतो, मी वाचून ठेवलंय, पण पुढं एफसीआरएला, आघाडीला सतरा प्रश्न निघतील म्हणून मीच कळवायचं ठरवलं. टाइप केलं, खोडलं, परत टाइप केलं.

तेवढ्यात मित्राचा मेसेज आला, "टेन्शन घेऊ नको, सातवा मिळाला. मेडिकलवाला तयार झालाय. तू तेवढी घटना बघून दे, शुद्धलेखन."

बघतोय. उद्देश क्रमांक तीनमध्ये "पूरग्रस्त" दोनदा चुकवलंय.