छातीच्या सीटीत विंडो बदलू नये, ती का

रेडिऑलॉजिस्टसाहेब, रिपोर्टांची वर्कलिस्ट तुंबलेली आहे, वॉर्डातून फोनवर फोन येताहेत. अशा वेळी विंडो, म्हणजे सीटीच्या आकड्यांतला कुठला पट्टा करड्या छटांत दाखवायचा ती सेटिंग, बदलत बसणं तुम्हाला शोभतं का? स्क्रीन उघडताच जी विंडो समोर आली, ती प्रसाद समजून घ्या. ती मेडियास्टायनल (हृदय, रक्तवाहिन्या अशा मऊ भागांसाठीची) असली तर सोन्याहून पिवळं! रुंदी (पट्टा केवढा) 350, लेव्हल (पट्ट्याचा मध्य) 40. म्हणजे उणे 135 हाउन्सफील्डच्या (सीटीतल्या घनतेच्या एककाच्या) खालचं सगळं ठार काळं आणि 215 च्या वरचं पांढरंफटक. निरोगी फुप्फुस उणे 850 च्या आसपास, म्हणजे ते काळ्यात गेलं. जे दिसतच नाही ते नॉर्मल लिहायला कितीसा वेळ लागतो?

ग्राउंड ग्लासचे ठिपके, म्हणजे फुप्फुसातले धुरकट डाग, उणे 600-700 च्या घरात असतात, तेही बिनबोभाट बुडतात. कोविडच्या लाटेत जो तो ‘25 पैकी स्कोर किती?’ विचारत होता. याच विंडोवर मोजला असता तर कित्येकांच्या घरी पेढे वाटले गेले असते. पाठीवर झोपलेल्या पेशंटच्या छातीत फुप्फुसाबाहेर पुढे साचलेली थोडी हवा? हवा काळी, फुप्फुस काळं. ती बाहेरची हवा, म्हणजे न्यूमोथोरॅक्स, शोधायला मग खाजवून खरूज कशाला काढायची! लंग विंडो, म्हणजे रुंदी 1500, लेव्हल उणे 600, लावली की या सगळ्या भानगडी लख्ख दिसतात, म्हणून त्या वाटेला जायचंच नाही.

पल्मनरी एम्बोलिझमची (फुप्फुसाच्या धमनीत अडकलेल्या गुठळीची) शंका असेल तर हीच मेडियास्टायनल विंडो आणखी उपयोगी. कॉन्ट्रास्टने (शिरेतून दिलेल्या, सीटीत उजळ दिसणाऱ्या औषधाने) भरलेली धमनी 350 च्या वर असते, ती पांढरी. तिच्यातली बारीक गुठळी आजूबाजूच्या कॉन्ट्रास्टशी सरासरी होऊन 250 वर आली, तर तीही तितकीच पांढरी. काही हट्टी मंडळी रुंदी 700, लेव्हल 100 करतात आणि पांढऱ्यात करडा डाग शोधून काढतात. अशा लोकांमुळेच रात्री फिजिशियनची झोपमोड होते.

आता फुप्फुसातल्या गाठीचं माप. पहिल्या स्कॅनला लंग विंडोवर 8 मिमी मोजा, तीन महिन्यांनी मेडियास्टायनलवर मोजा. कडेचा फिकट भाग गळतो, माप 6 वर येतं. औषधाविना गाठ आटली, नातेवाईक पाया पडतील. मोजमापाची विंडो रिपोर्टात लिहिण्याची चूक तेवढी करू नका.

चित्र रवाळ दिसतंय? तर तुम्ही 1 मिमीच्या शार्प कर्नलच्या (कडा ठळक करणाऱ्या, पण नॉइज वाढवणाऱ्या गणिताच्या) स्लाइसवर 350 ची रुंदी लावली आहे. समजा नॉइज 30 हाउन्सफील्डचा. 1500 च्या रुंदीत तो करड्या पट्ट्याचे दोन टक्के खातो, 350 मध्ये साडेआठ. मूळ आकड्यात काडीचाही फरक नाही. पण सॉफ्ट कर्नलचे जाड स्लाइस उघडण्याचे कष्ट तुम्ही का घ्यावेत? टेक्निशियनला झापा आणि पुढच्या पेशंटला एमए (एक्स-रे ट्यूबचा करंट) वाढवायला सांगा. डोस पेशंटच्या अंगात जातो, तुमच्या नाही.

शेवटी फिल्म. 14 बाय 17 इंची शीटवर वीस-पंचवीस चौकटी, सगळ्या एकाच विंडोत छापा. नातेवाईक ती ट्यूबलाइटसमोर धरून फोटो काढतील, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतील, पलीकडचे डॉक्टर ब्राइटनेस वाढवून बघतील. बघू देत, छापताना काळं झालेलं फुप्फुस ब्राइटनेसने परत येत नाही. कुणी शहाणा सीडी मागायला आलाच, तर काउंटरवर सांगून ठेवा: रायटर बंद आहे, सोमवारी या.