बघून झालेल्या गावी परत जा

उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत सुरू झालेत. ऑफिसात, सोसायटीच्या ग्रुपवर, मंडईत भाजी घेताना, सगळीकडे एकच विषय: यंदा कुठे? आणि कोणी एखादं नाव घेतलं की लगेच उत्तर येतं, "तिथे नको, ते बघून झालंय." कोकण झालंय, महाबळेश्वर तर लहानपणापासून झालंय, हंपी झालं, केरळ झालं, आता व्हिएतनाम. मला याबद्दल मनापासून काही सांगायचंय. इतक्या वर्षांच्या फिरण्यातून माझ्या लक्षात ठसठशीत राहिलेल्या जवळजवळ सगळ्या सुट्ट्या अशा गावांतल्या आहेत, जिथे मी आधी जाऊन आले होते.

राजस्थानची सहल आम्ही हौसेने केली होती. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बस सुटणार. जयपूर, जोधपूर, जैसलमेर, उदयपूर, सगळं एका दमात. व्यवस्था चोख होती, रात्री गरम पोळी-भाजी मिळत होती, तक्रारीला जागा नव्हती. जैसलमेरचा किल्ला नांदता आहे. आत आजही माणसं राहतात, अरुंद बोळांत दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. एका दारात एक आजी लसूण सोलत बसल्या होत्या. मी थबकलेली पाहून त्यांनी बाजूच्या पायरीवर थोपटून "बस" अशी खूण केली, आणि तेवढ्यात पुढून आमच्या गाइडने हाक मारली. त्या पायरीवर बसायचं राहिलंय. माझ्या यादीत जैसलमेर पुन्हा आहे, आणि न पाहिलेल्या कित्येक गावांच्या वर आहे.

खरं तर परत जाणं आपल्या मातीतलंच आहे. दरवर्षी दोन्ही पालख्या पुण्यात येतात. माउलींची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते. वीस-तीस वर्षं वारी करणारी माणसं त्यात असतात. त्यातल्या कुणाला आपण विचारतो का, "पंढरपूर बघून झालंय ना, मग परत कशाला?" तीच वाट, तोच दिवे घाट, तोच विठोबा, आणि तरी आषाढ जवळ आला की त्यांना घरात राहवत नाही. बरं, देवाधर्माचं सोडा. दर रविवारी पहाटे सिंहगड चढणारे किती पुणेकर तुमच्या ओळखीचे आहेत? रोज पर्वतीच्या पायऱ्या चढणारे किती? त्यांना त्या वाटेवरचं झाड न् झाड माहीत असतं, पहिल्या पावसानंतर कुठे घसरायला होतं हेही माहीत असतं. हे प्रेम आपल्याला घराजवळ जमतं, मग सुट्टीत का जमू नये?

हंपीचं सांगते. पहिल्यांदा गेलो तेव्हा मुलगी शाळेत होती. विठ्ठल मंदिराच्या आवारातल्या दगडी रथापुढे फोटो काढले. (पन्नासच्या नव्या नोटेवर आहे तोच रथ.) तुंगभद्रा टोपलीसारख्या गोल होडीतून ओलांडली, विरूपाक्षाचं दर्शन घेतलं आणि दोन दिवसांत परतलो. छान झाली होती सहल. पण देवळाचं नाव विठ्ठल आहे याचा आमच्यापैकी कोणी क्षणभरही विचार केला नव्हता. दुसऱ्यांदा गेले ती सासूबाईंना घेऊन. त्यांना भानुदासांची कथा पाठ होती. कृष्णदेवरायाने पंढरपूरचा विठ्ठल विजयनगरला नेला आणि संत एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. सासूबाई रथापाशी थांबल्याच नाहीत. काठी टेकत तडक गाभाऱ्याकडे गेल्या. गाभारा रिकामा आहे, आत मूर्ती नाही. त्या रिकाम्या गाभाऱ्याला त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "बरं झालं, घरी आलास." मग तिथेच एका खांबाला टेकून त्यांनी हळू आवाजात एक अभंग म्हटला. पहिल्या खेपेला आम्ही याच गाभाऱ्यात डोकावून "इथे काही नाहीये" म्हणत पुढे गेलो होतो.

आता कोकणातलं आंजर्ले. हे गाव आमच्या घराला इतकं चिकटलंय की लिहायला बसले तर थांबता येणार नाही, तरी लिहितेच.

पहिल्यांदा गेलो ते स्वारगेटहून दापोलीच्या एसटीने. वरंध घाटात वाघजाईच्या देवळापाशी गाडी थांबली, सगळी एसटी उतरून गरम भज्यांवर तुटून पडली. दापोलीहून पुढे दुसरी गाडी, आणि शेवटी खाडी होडीतून पार करायची, कारण तेव्हा पूल नव्हता. मुलीने पाण्यात हात घातला म्हणून होडीवाल्याने तिला असं काही रागावलं की ती पुढचा तासभर माझा पदर सोडेना. एका घरी राहायची-जेवायची सोय होते असं कोणीतरी सांगितलं होतं. तिथल्या काकूंनी दारातच विचारलं, "पोरीला तिखट चालतं का?" एवढीच चौकशी. त्या वेळी आम्ही सगळ्यांसारखंच फिरलो. कड्यावरच्या गणपतीला गेलो, वरून समुद्रातला सुवर्णदुर्ग पाहिला, गणपती खालून वर चढला तेव्हाचं म्हणून दाखवतात ते पाऊल पाहिलं. हर्णैला मासळीचा लिलाव पाहिला, होड्यांवरून मासळी उतरवायला बैलगाड्या थेट पाण्यात शिरतात ते पाहून मुलगी खुळावलीच. रूढ अर्थाने आंजर्ले तेव्हाच बघून झालं.

पण पुढच्या वर्षी परत गेलो. मग परत. कधी मे महिन्यात, कधी दिवाळीनंतर, एकदा भर आषाढात. आषाढात तिथे पर्यटक नसतो. १ जूनपासून जुलैअखेरपर्यंत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढून झाकून ठेवलेल्या असतात, आणि समुद्राचा रंग मातकट होतो. त्या मुक्कामात आम्ही काहीही 'पाहिलं' नाही. पडवीत बसून काकूंना आठळ्या सोलायला मदत केली, कुळथाचं पिठलं आणि भात खाल्ला, संध्याकाळी वीज गेली की काकांकडून गावच्या गोष्टी ऐकल्या. मुलीला विचाराल तर ती आजही हीच सुट्टी सर्वांत आवडती म्हणून सांगेल.

एका फाल्गुनात शेजारच्या वेळासला कासवं पाहायला गेलो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने आणि वेळासच्या गावकऱ्यांनी मिळून ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी राखायचं काम तिथे उभं केलंय. मादी वाळूत शंभरेक अंडी घालून निघून जाते. ती अंडी कोल्ह्या-कुत्र्यांपासून आणि माणसांपासून वाचवायला कुंपणात पुरून वर टोपली झाकून ठेवतात, आणि दीड-दोन महिन्यांनी पिल्लं वर येतात. सकाळी सातला टोपली उचलली, खाली काही नव्हतं. संध्याकाळी पुन्हा तेच. मुंबईची एक टोळी चिडून निघून गेली, त्यांना दुसऱ्या दिवशी दिवेआगर करायचं होतं. आम्हाला काहीच करायचं नव्हतं, आंजर्ल्याच्या काकूंकडे जायचं ते कधीही गेलो तरी चालणार होतं. थांबलो. दुसऱ्या सकाळी टोपलीखाली वाळू हलत होती. तळहाताहून लहान, राखाडी पिल्लं एकमेकांच्या अंगावरून चढत, थांबत, पुन्हा चालत पाण्याकडे निघाली. एक लाट आली आणि त्यातल्या दोघांना उलटं परत घेऊन आली. ती पुन्हा सरळ झाली आणि पुन्हा निघाली. मुलगी दोन्ही हात तोंडावर ठेवून उभी होती.

मग ३ जून २०२०. निसर्ग वादळ. टाळेबंदीत पुण्यात अडकून आम्ही फोन लावत होतो आणि फोन लागत नव्हता. किती तरी दिवसांनी काकांचा आवाज ऐकू आला, "आम्ही आहोत. आगर गेलं." जाता आलं तेव्हा गेलो. घर शाकारून झालं होतं, कौलांच्या जागी निम्म्या भागावर पत्रे आले होते. पूर्वी त्यांच्या ओटीवरून समुद्र फक्त ऐकू यायचा. मध्ये नारळी-पोफळींची एवढी दाटी होती की भर दुपारी आगरात कंदील घेऊन जावं. आता ओटीवर बसलं की थेट समुद्र दिसत होता. आमच्यासोबत आणखी एक कुटुंब उतरलं होतं, पहिल्यांदाच आलेलं. त्या बाई खूश होऊन म्हणाल्या, "किती छान! घरातून समुद्र दिसतो!" त्यांचा काहीच दोष नव्हता, त्यांना कसं कळणार? काकू हसून "हो ना" म्हणाल्या आणि आत गेल्या. मी मागोमाग गेले. चुलीपुढे बसून त्या म्हणाल्या, "पोफळ धरायला सात वर्षं तरी जातात गो. आमच्याने कुठली आता पाणी शिंपायची?" नंतर मुलीने आणि काकांनी मिळून रोपं लावली. ती पोफळ कितपत वाढली हे पाहायला आता ती स्वतः सुट्टी काढून जाते.

मला जे म्हणायचंय ते या ओटीवर आहे. त्या बाईंना समुद्र दिसला. आम्हाला समोर नसलेली झाडंही दिसली, आणि ती दिसायला इतक्या वर्षांचं येणं-जाणं लागलं.

शेजारच्या मुरुडचंही असंच. पहिल्यांदा तिथे मी डॉल्फिन पाहायला गेले होते, बाकी काही लक्षात नाही. मी कर्वेनगरात राहते, दिवसातून दोनदा तरी पत्ता सांगताना ते नाव तोंडी येतं. पण महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं बालपण याच मुरुडात गेलं, हे मला पुष्कळ उशिरा, एका संध्याकाळी दुर्गादेवीच्या देवळात बसलेल्या एका आजोबांनी सांगितलं. परीक्षेला बसायला अण्णा इथून सातारपर्यंत पायी गेले होते, शंभराहून जास्त मैल, आणि तिथे "वयाने लहान दिसतोस" म्हणून त्यांना परत पाठवलं. त्याच माणसाने पुढे हिंगण्याच्या माळावर आश्रम उभा केला, जिथे माझ्या सासूबाई शिकल्या. मुरुडहून पुण्याला परत येताना गाडीत पाय लांब करून बसायची मला लाज वाटली.

यावर मला नेहमी सांगितलं जातं की रजा मोजक्या, पैसा मोजका, आयुष्य एक, मग जग कधी बघायचं? जरूर बघा. मुलांना विमानात बसवा, परक्या देशातलं अन्न खाऊ दे त्यांना, परकी भाषा कानावर पडू दे. माझं म्हणणं एवढंच आहे की सगळ्याच सुट्ट्या अशा नवलाईवर खर्च करू नका. माझं आजोळ वाई. दर मे महिन्यात तोच कृष्णेचा घाट, तोच ढोल्या गणपती, पाठीला डबा बांधून पोहायला शिकवणारा तोच मामा. कंटाळा आला असं एकदाही वाटलं नाही. त्या गावात कोणाच्या ओसरीवर जाऊन पाणी मागायचं हे मला ठाऊक होतं. आज आमच्या सोसायटीतल्या बहुतेक मुलांचं आजोळ बाणेर नाहीतर वाकडमध्ये आहे, दहाव्या मजल्यावर. आजी-आजोबांची माया तीच आहे, पण दुसरं गाव नाही. ते दुसरं गाव आपण त्यांना देऊ शकतो. नातं असायलाच हवं असं नाही, एका घरी पाच-सहा वर्षं नेमाने जात राहिलं की पुरतं. आमच्या मुलीला आंजर्ल्यात नात्याचं कोणी नाही, आणि तिच्या लग्नात काकू रुखवतासाठी स्वतः केलेली फणसपोळी घेऊन दोन गाड्या बदलून आल्या होत्या.

जाताना एवढं मात्र करा. ३१ डिसेंबरला आणि जोडून सुट्ट्या आल्या की जाऊ नका, त्या वेळी यजमानांना तुमच्याशी बोलायला काय, श्वास घ्यायलाही फुरसत नसते. त्यांना थेट फोन करून विचारा, "कधी येऊ?" ते सांगतील तेव्हा जा. मुक्कामातला एक अख्खा दिवस रिकामा ठेवा, कुठलंही ठिकाण नको. आणि गेल्या वेळचे फोटो छापून न्या. काकूंच्या माजघरात आमच्या मुलीचा फ्रॉकमधला फोटो अजून देवाच्या कपाटाशेजारी लावलेला आहे.

यंदा मे महिन्यात आम्ही कुठेच जाणार नाही, काकांना आंब्याची घाई असते. नारळी पौर्णिमेला जायचं ठरलंय. त्या दिवशी हर्णैला कोळी बांधव समुद्राला नारळ देतात. इतकी वर्षं जातोय, पण तो दिवस अजून पाहिलेला नाही.