अकरा वर्षांच्या मुलीच्या छातीतली ती ‘गाठ’

आमच्या लालबागच्या चाळीतल्या बायकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात तोच मेसेज तिसऱ्यांदा आला. मजकूर थोडक्यात असा: मुलीच्या छातीत गाठ लागली तर ती कॅन्सरचीच समजा आणि वेळ न घालवता काढून टाका. एक बाजू लहान, एक मोठी असेल तर आत रोग आहे. काळी ब्रा, रात्री घातलेली ब्रा आणि डिओ यांनी कॅन्सर होतो. आईने दर महिन्याला मुलीची छाती दाबून तपासावी. खाली ‘मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा सल्ला’ असं लिहिलंय. डॉक्टरांचं नाव नाही, हॉस्पिटलचंही नाही.

मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. पण असल्या मेसेजने घरात काय होतं ते दोन वर्षांपूर्वी मी शेजारच्या खोलीत पाहिलं आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

शेजारची मुलगी तेव्हा सहावीत होती. दप्तर पाठीला न लावता छातीशी कवटाळून जिना चढायची. एका संध्याकाळी तिची आई आली, दार ओढून घेतलं आणि हळूच म्हणाली, “ताई, हिच्या डाव्या बाजूला गाठ आलीय. हात लावला तरी कळवळते. उजवीकडे काहीच नाही हो.” तोवर आंबेहळद उगाळून लावून झाली होती, शेक देऊन झाला होता. एका दवाखान्यात ‘छोटंसं ऑपरेशन आहे, काढून टाकू’ असं सांगितलं होतं आणि तिने तारीखही घेतली होती.

ती गाठ म्हणजे त्या मुलीचा उगवू लागलेला स्तन होता. मुली साधारण ८ ते १३ या वयात वयात यायला लागतात, आणि बहुतेकींमध्ये त्याची पहिली खूण हीच असते: स्तनाग्राच्या बरोबर खाली नाण्याएवढी, घट्टसर, दुखरी चकती. डॉक्टर तिला ‘ब्रेस्ट बड’ म्हणतात, म्हणजे कळी. ती पुष्कळदा एकाच बाजूला आधी येते आणि दुसरी बाजू काही महिने मागे राहते. पाळी सुरू व्हायला त्यानंतर साधारण दोन ते अडीच वर्षं लागतात. म्हणजे पाळी आलेली नाही आणि छातीत गाठ कशी, हा आईचा प्रश्न स्वाभाविक असला, तरी निसर्गाचा क्रमच तसा आहे.

आणि ‘लगेच काढून टाका’ हा सल्ला या सगळ्या मेसेजमधला सर्वांत घातक भाग आहे. पुढे जो पूर्ण स्तन होणार असतो त्याचं सगळं बीज त्या चकतीत असतं. ती कापली तर त्या बाजूला स्तन वाढतच नाही, किंवा वेडावाकडा वाढतो, आणि ते पुन्हा उगवत नाही. त्या मुलीला आम्ही दुसऱ्या दिवशी महापालिकेच्या हॉस्पिटलात बालरोगतज्ज्ञांकडे नेलं. त्यांनी हलक्या हाताने तपासलं, तिचं वय विचारलं आणि हसून सांगितलं, “बाळा, तू मोठी होते आहेस.” ऑपरेशन रद्द झालं. चार महिन्यांनी उजवीकडची चकतीही आली.

थोड्या मोठ्या, म्हणजे पंधरा-सोळाच्या पुढच्या मुलींमध्ये खरीखुरी वेगळी गाठ लागू शकते. तीही बहुतेक वेळा फायब्रोअडिनोमा असते: रबरासारखी, न दुखणारी, बोटाखालून गोटीसारखी सटकणारी. ती कॅन्सर नाही. सोनोग्राफीत बहुधा कळते. या वयात स्तनाची ऊती इतकी दाट असते की मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेत, नीट काही दिसत नाही. डॉक्टर बहुतेकदा काही महिने लक्ष ठेवतात. कित्येक गाठी आपोआप आक्रसतात. जी भरभर वाढते किंवा फार मोठी होते तीच काढावी लागते. विशीच्या आत स्तनाचा कॅन्सर अत्यंत विरळ असतो. फक्त लहानपणी छातीवर रेडिएशन घ्यावं लागलेल्या मुलींनी आपल्या डॉक्टरांना तसं आवर्जून सांगून ठेवावं, त्यांचा हिशोब वेगळा असतो.

दर महिन्याला आईने दाबून तपासण्याबद्दल. आपल्याच मुंबईत, परळच्या टाटा मेमोरियलने १९९८ पासून वस्त्यांमधल्या दीड लाखाहून जास्त बायकांवर एक मोठा अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करायच्या. २० वर्षांनंतरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये मृत्यू स्पष्टपणे कमी झालेले दिसले. त्या अभ्यासात घेतलेल्या बायका ३५ ते ६४ वर्षांच्या होत्या. म्हणजे तपासणीची खरी गरज मेसेज पुढे ढकलणाऱ्या आईला आहे, तिच्या सहावीतल्या लेकीला नाही. मुलीच्या दुखऱ्या कळीवर दर महिन्याला बोटं रुतवलीत तर ती दुखणारच, वर ती मुलगी पुढच्या वेळी खरंच काही झालं तरी तुम्हाला सांगणार नाही. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

लहान-मोठं असणं? अगदी नेहमीचं. वाढ दोन्हीकडे सारख्या वेगाने होत नाही, बहुतेकींचा फरक अठरापर्यंत कमी होतो आणि थोडा तर पुष्कळ बायकांत आयुष्यभर राहतो. तेल चोळून तो भरून निघत नाही.

ब्राची भीती १९९५ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकाने पसरवली. २०१४ मध्ये तिथल्याच सिएटलमधल्या संशोधकांनी पाळी थांबलेल्या हजाराहून जास्त कॅन्सरग्रस्त बायकांची निरोगी बायकांशी तुलना केली. रोज किती तास घातली, कितव्या वर्षापासून घातली, कप केवढा, तारेची की साधी, सगळं विचारलं. कॅन्सरशी संबंध सापडला नाही. काळ्या रंगाची तर गोष्टच सोडा. मुलीला दादरला नेऊन तिच्या मापाची, काचणार नाही अशी सुती ब्रा घ्या, खेळत असेल तर स्पोर्ट्स ब्रा घ्या, रात्री घालायची की नाही ते तिचं तिला ठरवू द्या. डिओबद्दलही २००२ मध्ये असाच अभ्यास झाला, त्यातही संबंध आढळला नाही. काखेत पुरळ उठलं तर डिओ बदला, एवढंच.

पाळीच्या आधी चार-आठ दिवस छाती जड होणं, दुखणं हेही नेहमीचंच.

मग डॉक्टरकडे कधी जायचं? आठ वर्षांच्या आत छाती वाढू लागली, किंवा तेरा पूर्ण होऊनही काहीच खूण नसेल तर. गाठ दगडासारखी टणक, जागची न हलणारी, भराभर वाढणारी असेल, किंवा दोन-तीन पाळ्या होऊन गेल्या तरी तशीच असेल तर. कातडी आत ओढली गेली, खळगा पडला किंवा स्तनाग्रातून रक्त आलं तर. लाल होऊन, ताप येऊन ठणका लागला तर त्याच दिवशी, कारण आत पू झालेला असू शकतो.

मेसेजमध्ये मुलग्यांचं नावही नाही. वयात येताना निम्म्याच्या आसपास मुलग्यांच्याही स्तनाग्राखाली अशीच दुखरी चकती येते आणि बहुतेकांची दोन वर्षांच्या आत जिरते. माझ्या वर्गातल्या आठवीतल्या एका मुलाने कबड्डी सोडली ती याच कारणाने, आणि ते कळायला मला सहा महिने लागले. मे महिन्याच्या उकाड्यात तुमचा मुलगा शर्टाच्या आत दोन-दोन बनियन घालून बसत असेल, तर त्यालाही हे आज रात्रीच सांगा.