टाकीतला ऊस

आमची जीप कुठेही बंद पडत नाही. ती शिवाजी पुलावरच बंद पडते. घरापासून पुलापर्यंत घोड्यासारखी येते, पुलावर तीनदा खोकते, एक उचकी देते आणि पंचगंगेकडे बघत गप्प उभी राहते. एरवी एकवेळ चाललं असतं. पण जानेवारीत गळीत हंगाम ऐन भरात असतो. मागून दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर, त्याच्या मागे दुसरा, त्याच्या मागे तिसरा, आणि तिन्हींवर कर्ण्यातून तीन वेगळी गाणी.

कोल्हापुरात गाडी बंद पडलेला माणूस एकटा पडत नाही. लोक थांबतात. ढकलायला नव्हे, निदान करायला. पहिला गृहस्थ दुधाच्या किटल्या लावलेल्या मोटारसायकलवरून उतरला आणि बॉनेटही न उघडता म्हणाला, "कॉईल तापलीया." दुसऱ्याने टाकीचं झाकण फिरवलं, 'फुस्स' झालं. "झाकणाचं भोक बुजलंय. टाकी हवा घेईना, मग पेट्रोल सोडंल कसं?" तिसऱ्याच्या मते पेट्रोलची पाइपातच वाफ झाली होती, पंपावर ओला फडका टाकायला हवा होता. माझ्या खांद्यावरचा टॉवेल त्याने परवानगी न विचारता पाण्यात भिजवलासुद्धा. चौथा फक्त म्हणाला, "डिझेल इंजन बसवा की," आणि निघून गेला.

वीस मिनिटांनी जीप आपोआप सुरू झाली. तिघेही आपापलं निदान बरोबर ठरल्याच्या आनंदात पांगले. आता गंमत अशी, की तिघांचंही बरोबर असू शकतं. वीस मिनिटांत कॉईल निवते, टाकीत हवा झिरपते, वाफेचं पुन्हा पेट्रोल होतं. आणि नळीच्या तोंडाशी ओढला गेलेला गंज असेल, तर इंजिन थांबल्यावर तोही खाली बसतो. चार रोग, लक्षण एक आणि औषधही एकच: थांबणे. अशा रोग्याचं निदान धन्वंतरीनेही केलं नसतं.

जीप आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची. १९६४ सालची. जात अमेरिकेतल्या विलीसची, जुळणी मुंबईतली, मॉडेल सीजे-३बी. या मॉडेलचं बॉनेट इतर जीपांपेक्षा उंच असतं, कारण आतलं हरिकेन इंजिन उंच आहे. ते मावेना म्हणून बॉनेटच वर उचललं. म्हणून ती कायम भुवया उंचावल्यासारखी दिसते. पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली. आई लग्न होऊन याच सीटवर बसून घरी आली. चाळीसेक लिटर पेट्रोलवर बसून सासरी आलेली बाई पुढे कशालाच घाबरली नाही, यात नवल नाही.

उद्यमनगरातल्या मेस्त्रींनी बॉनेट उघडलं, वाकून बघितलं आणि म्हणाले, "सर, एसी पंप बघाय लागंल."

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. मी म्हणालो, "हिला एसी नाही हो मेस्त्री. दारंसुद्धा नाहीत."

पाच-सहा पोरं पाने टाकून हसली. टाकीतून पेट्रोल ओढून कार्बोरेटरला, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाला, पोचवणारा, इंजिनाच्याच फिरण्यावर चालणारा जो पंप असतो, त्याला गॅरेजच्या भाषेत एसी पंप म्हणतात. त्याला गाळ साठायला एक काचेची वाटी असते. मेस्त्रींनी ती सोडवून माझ्यासमोर धरली. आत पुराच्या पंचगंगेचं पाणी होतं, फक्त म्हशी पोहत नव्हत्या.

"आधी टाकी धुवा," मेस्त्री म्हणाले. "कार्बोरेटर मागनं."

मी आधी कार्बोरेटर खोलला. टाकी धुणं हे हमालीचं काम, कार्बोरेटर हे बुद्धीचं, अशी माझी समजूत. सुटे भाग हरवू नयेत म्हणून मोठी परात हवी, ती स्वयंपाकघरात होतीच. फ्लोट, निडल, जेट, स्प्रिंगा, सगळं परातीत पेट्रोलने धुऊन मांडलं. जेट म्हणजे पितळी स्क्रू, मधे केसाएवढं भोक. त्या भोकावर गाडीचं सगळं खाणंपिणं ठरतं. ते बुजलेलं वाटलं म्हणून मी बारीक तार घालून साफ केलं. (नंतर मेस्त्रींनी एकच प्रश्न विचारला, "तार घातली व्हय?" आणि जेट बदलला. तारेने भोक मोठं होतं, आणि मग गाडी पेट्रोल पिते ती टँकरसारखी. जेट फुंकर मारून किंवा हवेने साफ करायचा, तार घालायची नाही. हे मला कुणी आधी सांगितलं नाही असं मी म्हणणार होतो, पण मेस्त्रींनी 'कार्बोरेटर मागनं' हे आधीच सांगितलं होतं.)

मग छर्रा पडला. कार्बोरेटरमधे एका झडपेवर साबुदाण्याच्या दाण्यापेक्षाही लहान पोलादी छर्रा असतो. तो नसेल तर अॅक्सिलरेटर दाबला की गाडी पुढे जायच्याऐवजी गचका खाते. परात तिरकी झाली, 'टिक्' असा आवाज आला आणि छर्रा या जगातून गेला. जुन्या स्पीकरचं लोहचुंबक काढून मी अंगणभर रांगलो. सहा टाचण्या, एक खिळा आणि माझ्या शाळेतल्या कंपासचं टोक सापडलं. छर्रा नाही. रात्री आईने माझी पॅन्ट बादलीत पिळली आणि बादली 'ठण्ण' वाजली. पायाच्या दुमडीत बसून तो दिवसभर माझ्याबरोबरच स्वतःला शोधत फिरत होता.

"हा घे तुझा मोती," आई म्हणाली. "आणि परात नवी आण. आज भाकरीला पेट्रोल पंपाचा वास आलाय."

कार्बोरेटर जोडला. जीप या वेळी पुलाच्या पलीकडच्या टोकाला बंद पडली. "सुधारणा आहे," आई म्हणाली.

आता टाकीला पर्याय नव्हता. ती काढून तात्यांकडे, म्हणजे काकांकडे, गावी नेली. तात्या ऊस उत्पादक. गंजावर त्यांच्याकडे उसाचाच उपाय. गुरांच्या खाद्यात घालायला आणलेली मळी (साखर केल्यावर उरणारा काळा पाक) एक भाग, पाणी नऊ भाग, टाकीत भरून तीन आठवडे ठेवायचं. मळी गंज हळूहळू सोडवून घेते आणि खालच्या चांगल्या पत्र्याला धक्का लावत नाही. हे खरंच होतं, मी डोळ्यांनी बघितलंय. पण उन्हात ठेवलेली मळी आणि पाणी आणखीही एक गोष्ट करतात, ती म्हणजे आंबतात. आठव्या दिवशी टाकीच्या तोंडाला फेस आला. दहाव्या दिवशी मुंग्यांची पहिली तुकडी पोचली. बाराव्या दिवशी गल्लीत वास गेला आणि संध्याकाळी दोन माणसं कुंपणाशी घुटमळू लागली. तिसऱ्याने सरळ विचारलं, "तात्या, कवा उतरणार?"

"गंज काढतोय रं," तात्या म्हणाले.

"व्हय, आमचाबी काढा की."

दोन दिवसांनी पोलीस पाटील 'सहज' येऊन गेले. टाकीचा वास घेतला, माझ्याकडे बघितलं, "प्राध्यापक ना तुम्ही?" म्हणाले आणि खिन्न होऊन गेले.

उरलेला गंज खरवडायला तात्यांनी टाकीत सायकलची जुनी चेन टाकली, ट्रॅक्टरचं मागचं चाक जॅकवर उचललं आणि टाकी चाकाला दोरखंडाने बांधून संथपणे फिरवत ठेवली. तासाभरात आत चांदी झाली. आणि बाहेर चार भोकं. इतकी वर्षं टाकी पत्र्याची नव्हतीच, गंजाची होती. रेडिएटरवाल्याकडे डाग लावून घेतले. तिथपर्यंत भोकांवर कपड्याच्या साबणाची वडी घासून काम भागवलं. साबण पेट्रोलमधे विरघळत नाही. आमच्या घराण्यातलं हे एकमेव शास्त्रीय ज्ञान, तेही आबांकडून आलेलं.

स्वच्छ टाकी, धुतलेला कार्बोरेटर, झाकणाला मोकळं भोक, नवी कॉईल. जीप शिवाजी पुलावर बंद पडली.

या वेळी मेस्त्री स्वतः आले, मागे तात्या. मेस्त्रींनी टाकीतून निघणारी रबरी नळी ब्लेडने उभी चिरली. बाहेरून नळी धडधाकट होती. आतून टॉन्सिल सुजल्यासारखी फुगलेली, मधे सुई जाईल एवढी वाट. पंप ओढायला लागला की ती वाटही मिटायची. एसी पंपाचा डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, काढला, तो भिजलेल्या पापडासारखा लोंबला.

"उसाचं पेट्रोल हाय सर," मेस्त्री म्हणाले. "ह्या जुन्या रबराला सोसत न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पेट्रोलमधे इथेनॉल मिसळतात, २०२२ मधे दहा टक्के, २०२५ पर्यंत वीस. आपल्याकडे ते उसापासूनही येतं. नव्या गाड्यांचं रबर त्या हिशेबाने बनवतात. आबांच्या जीपचं रबर ज्यांनी बनवलं, त्यांच्या काळी उसाचा रस, गूळ आणि साखर होत होती, पेट्रोल नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणीही ओढून घेतं, म्हणजे टाकीच्या गंजालाही हातभार. मी हळूच तात्यांकडे बघितलं. आम्ही अडवलेल्या रांगेत चौथ्या ट्रॉलीवर त्यांच्याच रानातला ऊस होता.

मला वाटलं, तात्या ओशाळतील. तात्यांचे डोळे भरून आले.

"म्हंजे आपल्याच रानातला माल आबांच्या जिपात?" ते म्हणाले. "बघाय पायजे हुते रं आबा." मग जरा थांबून, "थेट रसापासनं केलं तर टनाला सत्तर लिटर निघतंय म्हणं. आन् बिल मात्र आम्हाला वेळंवर देईनात."

इथेनॉल सोसणारी नळी टाकली, पंपाला नवा किट बसवला. दोन्हींना मिळून खर्च आला नव्या परातीपेक्षा थोडा जास्त.

त्या रविवारी आईला पुढच्या सीटवर बसवून पन्हाळ्याला गेलो. पूल ओलांडला, केर्ली मागे पडली, घाट दुसऱ्या गिअरमधे एका दमात चढली. वर झुणका-भाकर खाल्ली. आईने भाकरीचा आधी वास घेतला.

येताना पुलावर रांग लागली होती. पुढे उसाचा ट्रॅक्टर उभा, गाणं चालू, ड्रायव्हर कुठे दिसेना. मी जीपमधून कधी उतरलो, कळलंच नाही. हातात पक्कडही होती. ट्रॅक्टरभोवती एक चक्कर मारली, मान हलवली आणि म्हणालो, "टाकीच्या झाकणाचं भोक बघितलं का? आणि नळी आतनं सुजलेली असणार. बाहेरून कळत नाही."

ट्रॉलीखालून आवाज आला, "पंक्चर हाय, साहेब."

माझ्या शेजारी दुधाच्या किटल्यांची मोटारसायकल येऊन थांबली. "तरीबी," तो गृहस्थ गंभीरपणे म्हणाला, "कॉईल एकदा बघून घ्या."